साक्षीदार कीं प्रेक्षक?

गेल्या माघांत पुणें-बंगळूर रस्त्यालगतच्या एका विस्तीर्ण कार्यालयांत एका परिचितांच्या मुलीच्या लग्नास आम्ही गेलों होतों. मुहूर्त गोरज होता. दारांत फेटे बांधणारे चार कारागीर बसले होते. भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांतून, ज्यांस आमच्या कोल्हापुरांत ‘डॉल्बी’ हें एकच नांव आहे, असा आवाज निघत होता कीं छातींतील धडधड आपली कीं त्या यंत्राची हें कळेनासें झालें होतें. आणि मंगलाष्टकें चालू असतांना निम्म्याहून अधिक पाहुणे मागच्या बाजूस जेवत होते. आमच्या शेजारीं बसलेले एक निवृत्त अधिकारी समाधानानें आमच्या कानाशीं येऊन म्हणाले, “लग्न असावें तर असें. नाहीं तर त्या ख्रिस्ती लोकांचें पाहा. चहा प्या, केक खा आणि घरीं जा. त्याला काय लग्न म्हणायचें?”

आम्ही त्या वेळीं गप्प राहिलों. एक तर त्या कोलाहलांत वाद घालणें शक्य नव्हतें. आणि दुसरें कारण असें कीं हेंच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, तीस वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः उच्चारिलें होतें. तेव्हां त्या वाक्याचें उत्तर आमच्याकडे दुप्पट लागू आहे. तें देणें येथें चुकतें करण्याचा आमचा विचार आहे.

गोष्ट १९९४ सालच्या जानेवारीची. आम्ही नुकतेच कॉलेजांत अधिव्याख्याते म्हणून लागलों होतों. आमच्याच वयाचे एक गृहस्थ प्रयोगशाळेंत साहाय्यक होते. त्यांचा विवाह एका परिचारिकेशीं ठरला. दोन्ही घराणीं जुन्या ख्रिस्ती मंडळींतलीं, दोहींकडील परिस्थिति बेताची. लग्नाआधीं तीन रविवार उपासनेच्या वेळीं ह्या विवाहाची वर्दी देऊन, कोणाची हरकत असल्यास कळवावी, असें विचारण्यांत आलें होतें. शहरांतील एका जुन्या चर्चमध्यें सकाळीं दहा वाजतां आम्ही जमलों तेव्हां माणसें पंचेचाळीसच्या आसपास असतील. वधू पांढऱ्या साडींत होती आणि केसांत शेवंतीची वेणी होती. वराचा कोट उसना असावा असें बाह्यांच्या लांबीवरून दिसत होतें. एक पेटी, एक तबला, आणि मराठी गीतें. पाळकांनीं दहा मिनिटें उपदेश केला, नंतर दोघांस समोरासमोर उभें करून वचनें घेतलीं: भरभराटींत तसेंच ओढगस्तींत, प्रकृति धड असतांना तसेंच अंथरुण धरल्यावर, आम्ही एकमेकांस टाकणार नाहीं. अंगठ्या झाल्या, मंगळसूत्र झालें, प्रार्थना झाली. मग बाजूच्या टेबलावर एक जाड नोंदवही उघडून दोघांच्या सह्या घेण्यांत आल्या. वराकडील ठरलेला साक्षीदार येऊं शकला नव्हता; पाळकांनीं इकडे तिकडे पाहून आम्हांस खूण केली. दुसरे साक्षीदार एक वयोवृद्ध कंपाउंडर होते. आम्हीं सही केली. मागच्या आवारांत चहा, केकचा एकेक तुकडा आणि कागदाच्या बशींत मूठभर चिवडा घेऊन साडेअकराला आम्ही घरीं परतलों.

दुसऱ्या दिवशीं स्टाफरूममध्यें आम्हीं त्या लग्नाची थट्टा केली. “लग्नाला गेलों होतों कीं सभेला, हेंच कळलें नाहीं,” असें आम्ही म्हणालों. मंडळी हसली. आमच्या वाक्चातुर्याचा आम्हांस अभिमानही वाटला.

सात वर्षांनीं, २००१ च्या पावसाळ्यांत, एका रात्रीं ती वधू आमच्या दारांत उभी राहिली. तिच्या पतीनें एका नातलगाच्या कर्जास जामीन राहून सही केली होती. नातलग परागंदा झाला, तगादे सुरू झाले, आणि पतिराज लाजेनें घर सोडून इचलकरंजीस भावाकडे जाऊन बसले. पत्रास उत्तर नाहीं, निरोपास उत्तर नाहीं. आम्ही तिला बसावयास सांगितलें, परंतु ती उभ्यानेंच म्हणाली, “सर, त्या वहींत तुमची सही आहे. म्हणून आले.”

आम्हांस क्षणभर अर्थबोध झाला नाहीं. आमच्या लेखीं ती सही म्हणजे टपाल घेतांना करावी लागते तशी एक सही होती. तिच्या लेखीं तें एक वचन होतें. तिघांचीं वचनें त्या पानावर होतीं, दोघांचें परस्परांस आणि आमचें त्या दोघांस. तिसरें वचन देणाऱ्यास आपण तें दिलें आहे ह्याची कल्पना नव्हती, एवढेंच काय तें न्यून.

पुढें आम्हीं फार कांहीं केलें असें नाहीं. त्या कंपाउंडरकाकांस, ज्यांनीं तोंवर पंचाहत्तरी ओलांडली होती, बरोबर घेऊन तीन रविवार एस. टी. नें इचलकरंजीस गेलों. पहिल्या दोन रविवारीं ते गृहस्थ आमच्याशीं बोललेच नाहींत. तिसऱ्या रविवारीं काकांनीं इतकेंच विचारलें, “बाबा, आंकडा किती आहे तें तरी सांग.” तो आंकडा त्यांनीं आजवर कोणासही सांगितला नव्हता, पत्नीलाही नाहीं. त्या दिवशीं सांगितला. पुढच्या आठवड्यांत ते घरीं परतले. कर्ज फिटावयास सहा वर्षें लागलीं. हें सारें आमच्यामुळें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पत्नीच्या धीरामुळें झालें. परंतु त्या धीरास ज्या दारावर थाप मारण्याचा हक्क होता तें दार एका नोंदवहीनें ठरवून दिलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

आतां आमच्या अधिकारी मित्रांच्या प्रश्नाकडे वळूं. “त्याला काय लग्न म्हणायचें?” ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं लग्नास माणसें बोलावितात तीं कशासाठीं, हें पाहिलें पाहिजे. जेवावयास? जेवण तर बारशालाही असतें. मिरवावयास? मिरवणूक तर निवडणुकीनंतरही निघते. लग्नास माणसें बोलावितात तीं साक्षीसाठीं. आमच्या भाषेंतच तें लिहून ठेविलें आहे: अग्निसाक्ष विवाह, पंचांच्या साक्षीनें विवाह, देवाब्राह्मणांच्या साक्षीनें विवाह. अक्षता टाकणें ही करमणूक नव्हे; जमलेल्या प्रत्येकानें आपल्या हातानें ह्या संबंधास दिलेली ती मान्यता आहे. युरोपांतही गोष्ट हीच. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाह वैध ठरण्यास धर्मगुरु आणि निदान दोन साक्षीदार यांची उपस्थिति आवश्यक केली. आमच्या देशांतील १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा घ्या: विधि कसा असावा हें तो बहुतांशीं पाळकावर सोंपवितो, मात्र पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदार असलेच पाहिजेत, असें निक्षून सांगतो. १९५४ चा विशेष विवाहाचा कायदा तीन साक्षीदार मागतो. क्वेकर पंथाच्या लोकांत तर पुरोहितच नसतो. वधूवरें शांत बसलेल्या सभेंत उभीं राहून एकमेकांस वचन देतात आणि उपस्थित असलेलीं झाडून सारीं माणसें त्या विवाहपत्रावर सह्या करतात. कोणताही कायदा रोषणाई मागत नाहीं, घोडा मागत नाहीं, पंगत मागत नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०२४ सालीं एका हिंदु विवाहाच्या प्रकरणांत, लग्न म्हणजे नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे आणि देवघेवीचा व्यवहारही नव्हे, अशा आशयाचें मत स्पष्ट शब्दांत नोंदविलें.

आतां हीच कसोटी त्या माघांतील लग्नास लावा. जे जेवत होते त्यांनीं कांहीं पाहिलें नाहीं. जे बसले होते त्यांनीं वधूवरांस पाहिलें तें टांगलेल्या पडद्यावर, कारण त्यांच्या पुढें छायाचित्रकारांची फळी उभी होती. मागच्यांनीं फेकलेल्या अक्षता पुढच्यांच्या फेट्यांवर पडत होत्या. नंतर व्यासपीठावर चढणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकानें पाकीट दिलें, तोंड छायाचित्राकडे केलें आणि उतरला. दीड हजार माणसांत त्या लग्नाचा साक्षीदार म्हणावा असा एक इसम निवडावयाचा झाला असता तर तो पुरोहितच निघाला असता, आणि त्यांसही पुढच्या मुहूर्ताची घाई होती. आमचा आक्षेप खर्चास दुय्यम आहे. मुख्य आक्षेप हा कीं आम्ही साक्षीदारांस बोलावितों आणि त्यांचे प्रेक्षक करून परत पाठवितों.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हें साधेपणाचें कौतुक परकें आहे, साहेबाच्या धर्माचें आहे. हा आक्षेप दोहोंकडून खोटा आहे. ख्रिस्ती धर्म म्हणजे साधें लग्न, असें समीकरण मुळांतच नाहीं. वसईकडील ख्रिस्ती घरांतून लग्न दिवसचे दिवस चालतें. उंबराचें पाणी आणण्यास वाजतगाजत मिरवणूक निघते. गोव्याकडे नारळाचा रस लावण्याचा विधि होतो, तो आमच्या हळदीचा सख्खा भाऊ आहे. पांढऱ्या झग्याची चाल इंग्लंडांत रूढ झाली ती १८४० सालीं राणी व्हिक्टोरियानें स्वतःच्या लग्नांत तो घातल्यावर; आणि आज त्याच झग्याच्या पायीं तिकडचे बाप इकडच्या बापांइतकेच वांकलेले असतात. तेव्हां थाट हा कोणत्याही धर्मास वर्ज्य नाहीं आणि साधेपणा कोणाच्या मालकीचा नाहीं.

शिवाय कोल्हापुरांतील त्या चर्चमध्यें परकें असें काय होतें? रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले १८५२ सालीं. तेव्हांपासून येथील ख्रिस्ती मंडळींच्या कित्येक पिढ्या ह्याच पंचगंगेचें पाणी पीत आल्या. त्या सकाळीं आम्हीं ऐकलेलीं गीतें मराठी वळणाचीं होतीं, आणि तें वळण ज्यांनीं मराठी चर्चला लाविलें त्या नारायण वामन टिळकांस परके म्हणावयाचें धाडस मराठी कवितेचा कोणीही वाचक करणार नाहीं. अभंग आणि कीर्तन त्यांनीं चर्चच्या दारांतून आंत नेलें. साडी, वेणी, मंगळसूत्र, पेटी, तबला, आणि मराठींत दिलेलें वचन: ह्यांत इंग्रजी होता तो एक केकचा तुकडा, आणि तो तर आज आमच्या प्रत्येक घरीं वाढदिवसास कापला जातो.

आणि साधें लग्न हें आमच्या मातींतलें नाहीं असें म्हणणाऱ्यानें १८७३ साल आठवावें. त्या वर्षीं २४ सप्टेंबरला जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला आणि तीनच महिन्यांनीं, २५ डिसेंबरला, सावित्रीबाईंच्या पुढाकारानें भटजीवांचून व अगदीं थोड्या खर्चांत पहिला सत्यशोधक विवाह झाला. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते; परंतु त्यांनीं चर्चची नक्कल केली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांनीं विवाहाच्या गाभ्यास हात घातला. १८८७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशीं बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयीं स्पष्ट मागणी करते आणि वरास त्याचें उत्तर द्यावें लागतें. म्हणजे मध्यवर्ती वस्तु पुन्हां तीच: जमलेल्या लोकांसमक्ष दिलेलें वचन. १९११ सालीं कोल्हापुरांत सत्यशोधक समाज स्थापन झाला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास आणि १९१९ सालीं जातीबाहेरील विवाहास आपल्या संस्थानांत कायद्याचें पाठबळ दिलें. ज्या शहरानें विवाहाचा इतका मूलगामी विचार केला त्या शहराच्या सुशिक्षितांनीं आज आवाजाच्या भिंतीची उंची ही प्रतिष्ठेची खूण मानावी, ह्याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. लहान लग्नें पुष्कळदां लहान असतात तीं तत्त्वामुळें नव्हे, तर नाइलाजामुळें. धर्मांतर केलेल्यांच्या पहिल्या पिढींत लग्नास माणसें थोडीं येत, कारण भाऊबंदांनीं दार लाविलेलें असे. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या संसाराची जी ताटातूट झाली ती ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनीं स्वतः तो मार्ग धरला तो १९०० सालीं. आजही जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या कित्येकांस माणसें बोलावण्याची सोयच नसते. गर्दी हेंच त्यांस भय असतें. अशा लहानपणाचें आम्ही गोडवे गात नाहीं. तसेंच नोंदणीच्या दिवशीं ओळखपाळख नसलेला कोणी उसना साक्षीदार सहीपुरता उभा करण्याची युक्ति कोठें कोठें चालते. तेंही लग्न लहानच, परंतु त्या सहीस आमच्या मतें व्यासपीठावरील पाकिटाइतकीही किंमत नाहीं. तेव्हां संख्येंत जादू नाहीं. परंतु जुन्या ख्रिस्ती मंडळींनीं त्या नाइलाजांतून एक मार्ग काढला, तो शिकण्याजोगा आहे. रक्ताचे आप्त येईनात, तेव्हां त्यांनीं उपासनेच्या सोबत्यांस आप्त केलें. पंचेचाळीस माणसांतील एकाची सही सात वर्षांनीं एका स्त्रीच्या उपयोगी पडते, ती ह्या संवयीमुळें. आमच्यासारखा परधर्मी पाहुणाही त्या संवयींत नकळत ओढला गेला.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्री मंडळींचा: लग्नावर खर्च झाला म्हणजे बँडवाल्यास, आचाऱ्यास, फुलवाल्यास काम मिळतें. हें खरें आहे. परंतु जो बाप उसाचें बिल येण्याआधींच तें लग्नावर उधळतो, किंवा रस्त्याकडेचे चार गुंठे विकून मांडव घालतो, त्यानें तेच पैसे विहिरीवर, घरावर किंवा मुलीच्या शिक्षणावर खर्चिले असते तर गवंड्यास, सुतारास आणि पुस्तकवाल्यासही काम मिळालें असतेंच. कर्ज काढून इतरांस रोजगार देणें हें दानशूराचें काम असेल, गृहस्थाचें नव्हे. आणि हें कर्ज बहुधा कोणत्या बाजूनें काढावें लागतें हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. १९६१ सालच्या कायद्यानें हुंडा बंद केला. तो कार्यालयाच्या भाड्यांत, ताटाच्या दरांत आणि मानपानांत जाऊन राहिला.

तिसरा आक्षेप असा कीं लग्न आयुष्यांत एकदांच होतें. होय, परंतु मरणही एकदांच येतें, आणि त्याचा थाट करावा असें कोणी म्हणत नाहीं. जें एकदांच घडतें तें नीट पाहिलें पाहिजे, ऐकलें पाहिजे. आपल्या मुलीनें कोणतीं सात पावलें टाकलीं आणि तेव्हां कोणते शब्द उच्चारले गेले, हें किती बापांस सांगतां येईल? ते त्या वेळीं आचाऱ्याशीं बोलत असतात.

अलीकडे ह्या विषयांत एक नवा देखावा निघाला आहे. पन्नासच माणसें निवडावयाचीं, त्यांस विमानानें उदेपुरास किंवा गोव्यास न्यावयाचें, आणि ह्यास ‘छोटें लग्न’ म्हणावयाचें. संख्या लहान आणि मिजास मोठी. ज्या आजीला प्रवास झेपत नाहीं ती घरीं, आणि ज्या साहेबांशीं व्यवहार आहे ते समुद्राकाठीं. आम्ही ज्या लहान लग्नाची बाजू मांडीत आहों तें हें नव्हे.

ह्या सर्व आक्षेपांचें एक प्रत्यक्ष उत्तर काळानें दिलेंच होतें. २०२० सालीं महामारींत लग्नास पन्नासांहून अधिक माणसें नकोत असा नियम झाला. एप्रिल २०२१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ती संख्या पंचवीसवर आणली आणि समारंभास दोन तासांची मर्यादा घातली. त्या काळांत ह्या जिल्ह्यांत घराच्या सोप्यांत, देवळाच्या ओवरींत, शेतांतल्या वस्तीवर लग्नें लागलीं. तीं लग्नें कमी पक्कीं झालीं असें कोणाच्या ऐकिवांत आहे काय? त्या वेळीं आम्ही सर्वजण म्हणत होतों कीं एक चांगली गोष्ट झाली, आतां हीच रीत पडेल. नियम उठला आणि कार्यालयें वर्षभर आधीं भरूं लागलीं. आम्हांस साधेपणा आवडला नव्हता. सबब आवडली होती.

हें आम्ही कोणा दुसऱ्यास उद्देशून लिहीत नाहीं. २०२२ सालीं, म्हणजे ती इचलकरंजीची वाट तुडवून एकवीस वर्षें झाल्यावर, आमच्या मुलीचें लग्न झालें. ज्यास त्या सहीचा अर्थ कळला होता त्यानें अकराशें निमंत्रणें छापलीं. फंडांतून रक्कम काढली. मुलगी म्हणाली होती, “बाबा, घरच्या घरीं करूं या कीं.” आम्ही तिला म्हणालों, “लोक काय म्हणतील?” लोक कांहींच म्हणाले नाहींत, ते जेवून गेले. परवां तो छायाचित्रांचा जाडजूड ग्रंथ सहज उघडला. व्यासपीठावर आमच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभ्या असलेल्या कित्येक गृहस्थांचीं नांवें आम्हांस आठवलीं नाहींत. मुलगी सुदैवानें सुखांत आहे. परंतु उद्यां तिच्यावर प्रसंग आला आणि आम्ही नसलों, तर रात्रीं कोणाच्या दारांत उभें राहून “तुम्ही साक्षीदार होतां, म्हणून आलें” असें ती म्हणेल? अकराशांतून असें एक दार तिला आम्हीं दाखवून ठेविलेलें नाहीं. थट्टा केली ती पंचेचाळीस माणसांच्या लग्नाची. थट्टा झाली ती ह्या लग्नाची.

आतां धाकट्या चिरंजिवांचें लग्न ठरत आहे आणि घरांत यादीचा कागद पुन्हां टेबलावर आला आहे. आम्हीं पन्नासांचा आंकडा बोलून दाखवितांच घरांतून जो प्रश्न आला तो मात्र वरील सर्व आक्षेपांहून बळकट आहे. “अहो, आणि इतकीं वर्षें ज्यांच्या घरच्या लग्नांत आपण जेवलों त्यांचें काय? त्यांना तोंड कसें दाखवायचें?” ह्यास उत्तर देणें सोपें नाहीं. पंगतीची परतफेड ही आमच्या समाजांत केवळ दिखाऊ गोष्ट नाहीं. तिच्यांत खरी आपुलकीही गुंतलेली आहे, आणि ती तुच्छतेनें झटकून टाकणारा सुधारक हा बहुधा दुसऱ्याच्या घरीं जेवून आलेला असतो. आमचें उत्तर इतकेंच कीं ती परतफेड लग्नाच्या दिवशींच झाली पाहिजे असें नाहीं. ज्यांच्याकडे जेवलों त्यांच्या घरीं लग्नानंतर नव्या जोडप्यास घेऊन जावें, त्यांच्या आजारांत रुग्णालयाच्या बाकावर बसावें, त्यांच्या दुःखांत तेराव्याआधीं जाऊन यावें. ह्यास कार्यालयाचें भाडें लागत नाहीं. मात्र वेळ लागतो, आणि आमच्यासारख्यांस पाकीट देणें सोपें जातें तें वेळ वांचतो म्हणूनच.

तेव्हां यादी करण्याची एक रीति आम्हीं घरांत सुचविली आहे. प्रत्येक नांवापुढें एकच प्रश्न विचारावयाचा: ह्या माणसाच्या दारावर आमचा मुलगा किंवा सून अपरात्रीं थाप मारूं शकेल काय? उत्तर होय असेल त्यांस बोलवावें, पुढच्या रांगेंत बसवावें, वचनें त्यांच्या कानांवर पडतील अशा आवाजांत म्हणवून घ्यावीं, आणि शेवटीं एका वहींत त्या सर्वांच्या सह्या घ्याव्या, मग विधि वैदिक असो, सत्यशोधक असो कीं नोंदणीचा असो. ती वही नव्या जोडप्यानें घरांत ठेवावी.

सौभाग्यवतींनीं पहिल्या पानावर चारशें नांवें लिहिलीं होतीं. काल रात्रीं जेवणानंतर आम्हीं तिघांनीं पहिल्या साठांपुढें तो प्रश्न विचारून पाहिला. सतरा नांवें राहिलीं. त्यांत इचलकरंजीहून परत आलेले ते गृहस्थ आणि त्यांची पत्नी यांचीं नांवें सर्वांत वर आहेत, आणि तीं सौभाग्यवतींनीं स्वतः लिहिलीं आहेत. उरलेल्या तीनशें चाळीसांचा प्रश्न अजून व्हावयाचा आहे.